साक्षीदार गेल्यावर प्रश्न कोणाला विचारायचे?

मार्च २०२५ अखेर जपान सरकारच्या नोंदीत हयात हिबाकुशांची, म्हणजे हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्यांची, संख्या ९९,१३० होती. ती लाखाच्या खाली पहिल्यांदाच आली. १९८०च्या सुमारास हाच आकडा पावणेचार लाखांच्या जवळ होता. आता या मंडळींचं सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. त्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४चं शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा ऑस्लोत भाषणाला उभे राहिलेले तेरुमी तानाका ९२ वर्षांचे होते. नागासाकीवर बॉम्ब पडला त्या दिवशी ते १३ वर्षांचे होते. तो दिवस धडपणे आठवायचा तर माणूस तेव्हा निदान पाच-सहा वर्षांचा हवा, आणि काय घडतंय ते कळायला त्याहून मोठा. युरोपात नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. शाळेत येऊन, मुलांसमोर खुर्चीत बसून ‘मी तिथे होतो’ असं सांगणारं माणूस येत्या दहा वर्षांत मिळेनासं होणार.

त्यांच्या आठवणी नोंदवलेल्याच नाहीत, असं मात्र नाही. स्टीव्हन स्पीलबर्गने ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटानंतर १९९४ मध्ये सुरू केलेल्या आणि आता यूएससी शोआ फाउंडेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे पंचावन्न हजारांवर साक्षी चित्रित स्वरूपात आहेत. अडचण वेगळीच आहे. एकेक साक्ष तासन्‌तास चालते, आणि आठवी-नववीतला मुलगा ती एका बैठकीत पाहत नाही. त्याच मुलासमोर जिवंत आजोबा बसले की तो हात वर करतो आणि विचारतो, ‘तुम्हाला अजून त्या लोकांचा राग येतो का?’ तो प्रश्न आणि त्यानंतरचा क्षणभराचा थांबा ध्वनिचित्रफितीत नसतो. तो कसा टिकवायचा, या एका गोष्टीवर गेली पंधराएक वर्षं संग्रहालयं, विद्यापीठं, दूरदर्शन वाहिन्या आणि गेम बनवणाऱ्या कंपन्या डोकं चालवत आहेत. त्यातून उत्तर देणारे पडदे आले, व्हीआरचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, चष्मे आले, मेलेल्या मुलींच्या नावाची इन्स्टाग्राम खाती आली आणि नकाशेही आले.

या सगळ्यांना मी दोनच गोष्टी विचारून पाहतो. हे माध्यम समोरच्या मुलाकडून काही काम करून घेतं का? आणि साक्षीदाराचे शब्द कुठे संपतात, दुसऱ्याची भर कुठे सुरू होते, ते उघड दिसतं का? तंत्रज्ञान किती भारी, हा मुद्दा माझ्या लेखी तिसरा.

सुरुवात सगळ्यात गाजलेल्या प्रयोगापासून करू. पिंकस गुटर हे पोलंडमधल्या वूच शहरात १९३२ साली जन्मलेले ज्यू गृहस्थ. वॉर्सा घेट्टो, मायदानेक आणि आणखी छावण्यांमधून ते वाचले आणि पुढे कॅनडात टोरांटोला स्थायिक झाले. ‘डायमेन्शन्स इन टेस्टिमनी’ या शोआ फाउंडेशनच्या प्रकल्पाचे ते पहिले साक्षीदार. कल्पना हेदर मायो-स्मिथ यांची, तांत्रिक बाजू दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची. गुटर यांना दिव्यांच्या घुमटाखाली एका खुर्चीत बसवलं. भोवती शंभरावर कॅमेरे. रोज तेच कपडे, तीच बैठक, प्रत्येक उत्तरानंतर हात पुन्हा त्याच जागी. असे पाच दिवस त्यांना हजारावर प्रश्न विचारले. कपडे आणि बैठक बदलायची नाही, कारण पहिल्या दिवशीचं उत्तर आणि चौथ्या दिवशीचं उत्तर एकापाठोपाठ आलं तर सांधा दिसता कामा नये.

संग्रहालयात पाहणारा प्रश्न विचारतो. संगणक आवाज ओळखतो, प्रश्नाचा रोख पाहतो आणि साठवलेल्या उत्तरांतून सगळ्यात जवळचं उत्तर लावतो. कोणी काही विचारत नसेल तेव्हा पडद्यावरचे गुटर नुसते बसून असतात, पापण्या मिटतात, अंग थोडं हलवतात. गाण्याची फर्माईश केली तर गाऊनही दाखवतात. जुळणारं उत्तर नसेल तर प्रश्न नीट कळला नाही, पुन्हा विचारा, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात, आणि तेही त्यांनीच बोलून ठेवलेलं असतं. शिकागोजवळच्या स्कोकी इथल्या इलिनॉय होलोकॉस्ट संग्रहालयात २०१७ मध्ये यासाठी खास रंगमंच उभा राहिला. लोक त्याला सर्रास ‘होलोग्राम’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो साधा सपाट पडदाच असतो, पण ‘होलोग्राम’ म्हटलं की तिकिटं खपतात. चीनमधल्या नानजिंगच्या हत्याकांडातून वाचलेल्या शिया शुछिन यांची साक्षही याच पद्धतीने मँडरिनमध्ये नोंदवली गेली, त्यामुळे हे तंत्र केवळ युरोपच्या इतिहासापुरतं राहिलेलं नाही.

याची जमेची बाजू मोठी आहे. पडद्यावरच्या माणसाच्या तोंडी न बोललेला एकही शब्द येत नाही. यंत्र निवड करतं, रचना करत नाही. शिवाय मुलाला प्रश्न तयार करावा लागतो, आणि प्रश्न तयार करायचा तर थोडं ऐकावं, थोडं वाचावं लागतं. देवावर विश्वास राहिला का, तुम्ही चोरी केली होती का, असले प्रश्न वयस्क माणूस जिवंत साक्षीदाराला विचारायला कचरतो. पडद्याला विचारताना मुलं कचरत नाहीत.

उणी बाजूही तितकीच ठळक आहे. २०१४ मध्ये चित्रित झालेल्या गुटर यांना त्यानंतरचं जग ठाऊक नाही. आजच्या एखाद्या युद्धाबद्दल विचारलं तर पडद्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जिवंत माणूस समोरच्या मुलाचा चेहरा बघून आवाज खाली आणतो, तपशील गाळतो, कधी उलटा प्रश्न करतो. बारा वर्षांच्या मुलीला जे सांगायचं ते बावीस वर्षांच्या सैनिकाला तसंच सांगत नाही. पडदा दोघांना एकच उत्तर देतो. आणि विचारणाराच आळशी असेल तर ‘तुमचा आवडता पदार्थ कोणता’ इथपर्यंतच गाडी जाते. अनेक संग्रहालयांत म्हणूनच मध्ये एक माणूस उभा असतो. तो मुलांचे प्रश्न ऐकतो, नीट मांडून यंत्राला विचारतो, उत्तरानंतर दोन वाक्यांचा संदर्भ देतो. इतका खर्च करून उभारलेल्या यंत्राशेजारी शेवटी मास्तर लागतोच, ही मला या प्रकल्पातली सगळ्यात आश्वासक गोष्ट वाटते.

निवड करणारं यंत्र आणि रचना करणारं यंत्र यांतली रेषा आता पुसट होऊ लागली आहे, आणि धोका तिथे आहे. २०२३च्या सुरुवातीला इतिहासातल्या व्यक्तींशी ‘गप्पा’ मारायचं एक ॲप आलं. त्यात हिमलरसारखा नाझी नेता आपल्या कृत्यांबद्दल खेद व्यक्त करू लागला. खऱ्या हिमलरने असलं काही कधी केलं नाही. युनेस्कोने जून २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणि होलोकॉस्ट या विषयावर अहवाल काढला. भाषाप्रारूपांनी कधीच न घडलेल्या घटना रचून सांगितल्याची, ज्यूंना सामूहिकरीत्या बुडवून मारल्याची कपोलकल्पित मोहीम मांडल्याची उदाहरणं त्यात आहेत. एखाद्या आजींच्या दोन तासांच्या साक्षीवर असं प्रारूप शिकवलं आणि तिसऱ्या तासाची उत्तरं त्याच्याकडून ‘तयार’ करून घेतली, तर ऐकणाऱ्याला काय कळणार? होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल ते वेगळंच. एक उत्तर बनावट निघालं की उरलेल्या हजारांवर संशय घ्यायला ते पुरतं.

व्हीआरचा चष्मा याहून वेगळ्या दिशेने जातो. तो प्रश्न विचारायला लावत नाही, जागेवर नेऊन उभं करतो. ‘द लास्ट गुडबाय’ (२०१७) मध्ये तेच पिंकस गुटर पाहणाऱ्याला मायदानेकमध्ये घेऊन जातात. रेल्वेचा डबा, बराक, गॅस चेंबर, सगळीकडे ते सोबत असतात. त्यांचे आईवडील आणि जुळी बहीण सबिना याच छावणीत मारले गेले. बहिणीचा चेहरा त्यांना आठवत नाही. आठवते फक्त तिची सोनेरी वेणी. हे त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. आता विचार करा, चेहरा तयार करून दाखवणं आजच्या तंत्राला किती सोपं आहे! निर्मात्यांनी तो मोह टाळला. पाहणारा कैदी होत नाही, त्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा सदरा चढत नाही. तो आजच्या ओसाड छावणीत एका वृद्धाबरोबर चालणारा पाहुणाच राहतो. व्हीआरला ‘सहानुभूतीचं यंत्र’ म्हणायची टूम २०१५ नंतर बरीच चालली. वीस मिनिटं चष्मा लावून छळछावणी ‘अनुभवली’ असं म्हणणाऱ्याला काय म्हणावं, कळत नाही. पाहुण्याची पायरी ओळखणारं हे काम म्हणून वेगळं उठून दिसतं.

ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची गंमत अशी, की ॲन लपून राहिली त्या गुप्त घराच्या खोल्या रिकाम्या आहेत. सामान नाझींनी नेलं होतं आणि खोल्या तशाच रिकाम्या ठेवायच्या, ही ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांची इच्छा होती. २०१८ मध्ये निघालेल्या व्हीआर आवृत्तीत मात्र त्याच खोल्या पलंग, पुस्तकं, भांडी यांनी सजवलेल्या दिसतात. पायऱ्या चढू न शकणाऱ्यांची यामुळे सोय झाली, हे खरं. पण संग्रहालयाने विचारपूर्वक ठेवलेलं रिकामेपण पडद्यावर भरून निघालं. दोन्हींपैकी कुठली खोली जास्त बोलते, यावर माझं मत रिकाम्या खोलीच्या बाजूने आहे.

समाजमाध्यमांवरचे प्रयोग सगळ्यात जास्त मुलांपर्यंत पोचले आणि सगळ्यात जास्त घसरलेही. २०१९ मध्ये इस्रायलमध्ये ‘एव्हा स्टोरीज’ आलं. एव्हा हेमान ही हंगेरीच्या ताब्यातल्या नॉजवाराद शहरातली १३ वर्षांची मुलगी. तिची रोजनिशी टिकली, ती मात्र ऑशविट्झमध्ये मारली गेली. १९४४ मध्ये तिच्या हाती मोबाइल असता तर, अशी कल्पना करून एका दिवसात इन्स्टाग्रामवर तिच्या ‘स्टोरीज’ टाकल्या गेल्या. दहा लाखांवर लोक पाठीराखे झाले. उथळपणाचा आरोप झाला, तसा तो होणारच होता. पण निदान त्यामागे एक खरी रोजनिशी होती आणि मोबाइल खोटा आहे हे पहिल्या क्षणापासून दिसत होतं.

जर्मनीत २०२१ मध्ये सोफी शोलच्या जन्मशताब्दीनिमित्त दोन सार्वजनिक वाहिन्यांनी चालवलेल्या खात्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. नाझींविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल २१ व्या वर्षी मृत्युदंड झालेली ही विद्यार्थिनी दहा महिने रोज ‘आत्ता’ घडतंय अशा थाटात पोस्ट टाकत होती. लोक तिला प्रतिसाद लिहू लागले, धीर देऊ लागले, आणि खात्याकडून तिच्या सुरात उत्तरंही येऊ लागली. कुठला तपशील पत्रांतला आणि कुठला पटकथाकाराचा, हे अनेकदा स्पष्ट होत नव्हतं. टीकाकारांचा नेमका आक्षेप असा होता, की लाखो जर्मनांना घरबसल्या प्रतिकार चळवळीतले झाल्यासारखं वाटलं. त्या काळात ज्यांचे आजोबा गप्प बसले त्यांच्या नातवंडांसाठी ही फार सोयीची जागा आहे.

जपानच्या एनएचके वाहिनीच्या हिरोशिमा केंद्राने २०२० मध्ये असाच प्रयोग ट्विटरवर केला. १९४५ साली तिथे राहणाऱ्या तिघांच्या रोजनिशींच्या आधारे रोज नोंदी. त्यातल्या किशोरवयीन मुलाच्या खात्यावरून ऑगस्टमध्ये कोरियन लोकांबद्दल तुच्छतेने लिहिलेल्या नोंदी आल्या आणि एकच गदारोळ झाला. त्या काळच्या जपानी मुलाच्या मनात असे विचार असतील, यात काहीच नवल नाही. पण संदर्भाची एक ओळ न देता ते आजच्या माणसाच्या फोनवर, आजच्या बातम्यांच्या शेजारी येऊन पडले, आणि जपानमध्ये आज राहणाऱ्या कोरियन वंशाच्या लोकांना ते आजचेच वाटले. वाहिनीला खेद व्यक्त करावा लागला. छापील रोजनिशीला प्रस्तावना असते, तळटीप असते, मलपृष्ठ असतं. ट्वीटला यातलं काहीच नसतं.

हिरोशिमाकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण या प्रश्नाचा सगळ्यात खोलवर विचार तिथे झाला आहे असं मला वाटतं, आणि त्यातले उत्तम प्रयोग दिसायला सगळ्यात साधे आहेत.

पहिला प्रयोग माणसांचा. हिरोशिमा शहराने २०१२ मध्ये वारसदार कथक तयार करायला सुरुवात केली. इच्छुक माणूस एका हिबाकुशाची निवड करतो आणि त्याच्याकडे शिकायला बसतो. सुरुवातीला हे प्रशिक्षण तीन वर्षांचं होतं. ऐकायचं, लिहायचं, साक्षीदाराकडून दुरुस्त करून घ्यायचं, इतिहासाच्या अंगाने तपासून घ्यायचं, आणि मगच लोकांपुढे उभं राहायचं. उभं राहिल्यावर ‘मी’ म्हणायचं नाही. ‘अमुक आजींनी मला असं सांगितलं’ अशी सुरुवात. पहिली तुकडी २०१५ पासून बोलू लागली. पुढे कुटुंबीयांसाठीही अशी सोय झाली, कारण अनेक हिबाकुशांनी बाहेर भाषणं दिली पण घरात तोंड उघडलं नव्हतं. कीर्तनपरंपरेत वाढलेल्या आपल्याला हे सहज समजावं.

दुसरा चित्रांचा. याची मुळं १९७४ मध्ये आहेत, जेव्हा एका वृद्धाने आपल्या आठवणीतलं चित्र एनएचकेच्या हिरोशिमा केंद्रात आणून दिलं, वाहिनीने आवाहन केलं आणि सामान्य लोकांनी काढलेली दोन हजारांवर चित्रं जमली. ज्यांना चित्र काढता येत नव्हतं त्यांचीच ती चित्रं, म्हणून पाहवत नाहीत. २००७ पासून शहरातल्या मोतोमाची हायस्कूलचे कलाशाखेचे विद्यार्थी हिबाकुशांबरोबर बसून त्यांच्या आठवणी तैलरंगात रंगवतात. एका चित्राला सुमारे वर्ष जातं. मुलगी कच्चं रेखाटन घेऊन जाते. आजोबा पाहून सांगतात, आग अशी नव्हती, हात असे पुढे धरलेले होते, पाण्याचा रंग हा नव्हता. ती परत जाते, मैत्रिणीला त्या अवस्थेत उभं करून पाहते, पुन्हा काढते, पुन्हा दाखवते. एका हाताचा कोन ठरवायला आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात ती मुलगी त्या हाताखेरीज दुसरं काही पाहत नाही. प्रश्न विचारणं याला म्हणतात. वर्षभर मुलांनी विचारलेले शेकडो प्रश्न कॅनव्हासवर दिसत नाहीत, पण चित्र त्यांच्यामुळेच उभं राहतं. अशी दोनशेवर चित्रं आज आहेत, आणि ती काढणारी पहिली मुलं आता पस्तिशीत असतील. त्यांना कोणी त्या आजोबांबद्दल विचारलं तर सांगायला त्यांच्याजवळ काय काय असेल!

तिसरा संगणकाचा, तोही मुलांनीच केलेला. फुकुयामा टेक्निकल हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी बॉम्बआधीचा नाकाजिमा परिसर व्हीआरमध्ये उभा केला. आज जिथे शांती उद्यान आहे तिथे तेव्हा दुकानं, घरं, गजबजलेले रस्ते होते. मुलांनी जुने फोटो, टपालपत्रं गोळा केली, तिथे राहिलेल्या म्हाताऱ्यांना भेटले, त्यांना चष्मा लावून दाखवलं आणि त्यांनी सांगितलेल्या चुका दुरुस्त केल्या. बाहेरून आलेल्या पाहुण्याला पाच मिनिटांच्या त्या दृश्यात स्फोट दिसतो. करणाऱ्या मुलांना मात्र एक गल्ली पाठ झालेली असते.

टोकियो विद्यापीठाचे हिदेनोरी वातानावे यांनी केलेला ‘हिरोशिमा आर्काइव्ह’ (२०११) हा त्रिमितीय नकाशा. त्यावर प्रत्येक हिबाकुशाचा चेहरा तो त्या सकाळी जिथे होता तिथे लावलेला आहे. क्लिक केलं की साक्ष. मुलाखती घेण्याचं काम बऱ्याच अंशी शहरातल्या शाळकरी मुलींनी केलं. वातानावे आणि हिरोशिमाची विद्यार्थिनी आंजू निवाता यांनी पुढे जुन्या कृष्णधवल फोटोंना रंग देण्याचा उपक्रम केला. एआय आधी आपल्या अंदाजाने रंग भरतं. मग तो फोटो मालकाला दाखवायचा. तो म्हणतो, नाही, हा किमोनो असा नव्हता. आणि बोलता बोलता त्या फोटोत नसलेलीही गोष्ट सांगू लागतो. इथे एआयची चूक कामाला आली. त्याने रंग बरोबर भरला असता तर म्हाताऱ्याला काही सांगायचं कारणच उरलं नसतं. रंगवलेला फोटो हे फलित नव्हेच, बोलतं करण्याचं निमित्त आहे. या लेखात आलेल्या सगळ्या यंत्रांत मला सगळ्यात पटलेला उपयोग हाच.

खुद्द हिरोशिमाचं संग्रहालय मात्र या काळात पुनर्निर्मितीपासून दूर गेलं. जळालेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे तिथे अनेक वर्षं होते. पाहणाऱ्यांना रात्री झोप येत नसे. ते २०१७ मध्ये हलवले, आणि २०१९ मध्ये नव्याने उघडलेल्या मुख्य इमारतीत खऱ्या वस्तूंवर भर दिला. भीषणता सौम्य केली म्हणून लोकांनी विरोध केला. संग्रहालयाचं म्हणणं, वस्तूच पुरेशा आहेत. शिगेरू ओरिमेन या १३ वर्षांच्या मुलाचा जेवणाचा डबा तिथे आहे. त्याच्या आईला तो त्याच्या अवशेषांपाशी सापडला. आतला भात कोळसा झालेला, डब्याचं झाकण वाकलेलं.

ओकिनावातलं हिमेयुरी शांती संग्रहालय या सगळ्या चर्चेत क्वचित येतं. १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत तिथल्या मुलींच्या दोन शाळांतल्या विद्यार्थिनी आणि शिक्षक मिळून २४० जणांना लष्करी रुग्णसेवेत ओढलं गेलं. त्यातले १३६ मेले. वाचलेल्या विद्यार्थिनींनी १९८९ मध्ये स्वतः संग्रहालय उभं केलं आणि वर्षानुवर्षं स्वतःच तिथे उभं राहून सांगितलं. २०१५ मध्ये त्यांनी आपली नियमित भाषणं जाहीरपणे थांबवली. वय झालं होतं, आणि युद्धानंतर जन्मलेले सहकारी तोवर त्यांनी तयार केले होते. २०२१ मध्ये मांडणी बदलली. लढाईआधीच्या शाळेत हसणाऱ्या, खेळणाऱ्या मुलींची चित्रं लावली, कारण आजच्या मुलाला आधी आपल्यासारखी मुलगी दिसायला हवी. स्वतः हयात असताना सूत्रं पुढच्यांकडे दिली की काय शिल्लक राहतं आणि काय निसटतं, हे त्यांना पाहता आलं आणि दुरुस्त करता आलं. असं इतरत्र फार थोडं दिसतं.

गेम्सबद्दल थोडक्यातच. पोलंडमध्ये बनलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) बोस्निया युद्धातल्या साराजेव्होच्या वेढ्यातून सुचला. त्यात खेळणारा सैनिक नसतो, अन्न आणि औषध शोधणारा नागरिक असतो. पोलंडच्या शाळांत पूरक साहित्य म्हणून तो मान्यही झाला. त्यात कुणा एकाची साक्ष नाही, त्यामुळे साक्ष बिघडवण्याचा धोकाही नाही. त्याच साराजेव्होतलं ‘वॉर चाइल्डहूड म्युझियम’ मला अधिक जवळचं वाटतं. यास्मिन्को हालिलोविच यांनी २०१० मध्ये वेढ्यात वाढलेल्या आपल्या पिढीला एकच प्रश्न विचारला, युद्धातलं बालपण तुमच्यासाठी काय होतं, आणि उत्तर फार थोड्या अक्षरांत मागितलं. हजारावर उत्तरं आली, पुस्तक झालं, आणि २०१७ मध्ये संग्रहालय. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही तेव्हा तरुणच होते. म्हाताऱ्यांची वाट पाहायचं कारण नाही, हे त्यांना वेळेत सुचलं.

आपल्याकडे यायचं तर रस्ता हिरोशिमावरूनच येतो. फाळणीच्या साक्षींचा आज सगळ्यात मोठा मौखिक संग्रह म्हणजे ‘द १९४७ पार्टिशन आर्काइव्ह’. तो सुरू करणाऱ्या गुनीता सिंग भल्ला यांना ही प्रेरणा हिरोशिमाच्या संग्रहालयातल्या हिबाकुशांच्या ध्वनिचित्र-साक्षी पाहून मिळाली. त्यांच्या संग्रहात दहा हजारांहून जास्त मुलाखती आहेत, बहुतेक स्वयंसेवकांनी घेतलेल्या. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट दास्तान’ने व्हीआरचा चष्मा उलट्या दिशेने वापरला. तरुण लोक सीमेपलीकडच्या जुन्या गावात जायचे, तिथलं चित्रण करायचे आणि चष्मा त्या आजोबांना लावायचे, ज्यांना व्हिसा मिळत नव्हता किंवा अंगात ताकद नव्हती. इथे नातवंडं आठवण घेत नाहीत, परत करतात. इतर प्रकल्पांत म्हाताऱ्याने द्यायचं आणि तरुणाने घ्यायचं, असंच गृहीत धरलेलं असतं. इथे ते मोडलं, म्हणून हा प्रयोग मला विशेष वाटतो.

महाराष्ट्रात दुसऱ्या महायुद्धाची आठवण आहे, पण ती बहुतेक स्मारकात आहे, आवाजात नाही. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या नाईकाला जुलै १९४४ मध्ये इटलीत गाजवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावानेही २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्या मोहिमेतून जिवंत परत आलेल्या हजारो मराठी सैनिकांनी घरी काय सांगितलं, ते नोंदवायची वेळ आता निघून गेली आहे. १९७१च्या युद्धात विशी-बाविशीत असलेले मात्र आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात त्यांच्यातले कितीतरी जण पारावर बसलेले सापडतील. त्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांना एकच सुचवावंसं वाटतं: प्रश्नकर्त्याचा आवाज संकलनात कापू नका. बहुतेक ध्वनिचित्रफितींत तो कापलेला असतो. पन्नास वर्षांनी कोणाला या उत्तरांतून काही नवं करायचं झालं, तर उत्तर कोणत्या प्रश्नाचं होतं हे कळायला हवं. आणि मुलाखतीनंतर कोणाच्या नावाने, किती काळ, कशासाठी वापरायची याची लेखी संमती घ्या. एआयच्या शिकवणीसाठी द्यायची की नाही, हा प्रश्नही त्यातच विचारून टाका. हे आज अवघडल्यासारखं वाटेल. पण साक्षीदार गेल्यावर विचारायला कोणी नसतं.

सुरुवात करायला एक जागा तर अगदी तयार आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेले, इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या काठी त्यांच्या शाळा, चर्च, नाटकमंडळी, बालवीर पथकं चालली. त्यांतल्या अनेकांनी पुढे आठवणी लिहिल्या, काही म्हातारपणी पुन्हा येऊन गेले. २०१९ मध्ये तिथे स्मृतिस्तंभ उभा राहिला, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच, जिथे अर्धा पश्चिम महाराष्ट्र कापड खरेदीला जातो. एकाच गल्लीत, एक युद्धाने आणि एक फाळणीने उखडलेल्या, दोन निर्वासित पिढ्या. वातानावेंच्या नकाशासारखा नकाशा इथला करायचा झाला, तर एकाच घरावर दोन चेहरे लावावे लागतील. पोलिश बाजूची कागदपत्रं वॉर्सा आणि लंडनमध्ये व्यवस्थित आहेत. सिंधी बाजूची सात-आठ वर्षांची असताना आलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, दुपारी दुकानात गल्ल्यामागे बसलेली असतात, आणि कोल्हापुरातल्या कुठल्याही महाविद्यालयातून तिथे बसने अर्ध्या तासात जाता येतं.